हिची मूठ

फोन हिच्यासाठी आला होता. पलीकडच्या मुलीने हिचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "आहेत का त्या? जरा देता का फोन?"

"ती नाही," मी म्हणालो.

"मग कधी भेटतील?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, "ती वारली. थंडीच्या दिवसांत."

मुलगी मागे कोणाशी तरी हळू आवाजात बोलली आणि परत फोनवर आली. ती पुनर्वसन विभागातून बोलत होती. सांध्यांचे आणि स्नायूंचे आजार असलेले लोक जिथे व्यायामाला आणि शेकाला जातात, तो विभाग. ही तिथे बरेच दिवस जात होती. आता वरच्या ऑफिसातून माणसं येणार होती, विभागाचं काम चांगलं चालतं की नाही ते तपासायला. बऱ्या झालेल्या काही पेशंटशी त्यांना बोलायचं होतं. विभागाने जी नावं सुचवली होती त्यात हिचं पहिलं होतं.

"त्यांची केस आमच्याकडची सगळ्यात चांगली," मुलगी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन अडखळली. "म्हणजे... तुम्ही याल का मग? त्यांच्या वतीने?"

मी हो म्हणालो. घरात बसून तरी काय करत होतो? आम्हाला मूलबाळ नाही. घरात आवाज होता तो हिचाच.

मी शाळेची बस चालवायचो. निवृत्त झालो त्याच सुमारास हिचे हात बिघडले. आधी बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गोळ्यांनी दुखणं दबेल, पण हात चालते ठेवायचे असतील तर विभागात जा.

सकाळची वेळ सगळ्यात वाईट. रात्रभर पडून हातांचं लाकूड व्हायचं. ही पलंगाच्या कडेला येऊन बसायची, मी समोर उभा राहून हाताची बोटं पुढे करायचो, आणि ती धरून ही उठायची. सुरुवातीला दोन बोटं पुरायची. पुढे मूठ नीट मिटेना. दोन बोटं हिच्या हातातून सुटून जायची, म्हणून मी तीन द्यायला लागलो. मग चार. जाड वस्तू हिला धरता यायची, बारीक यायची नाही. चमचा पडायचा, पण झाडूचा दांडा राहायचा.

"अहो, तुम्ही वाळलात की काय?" ही म्हणायची. "बोटं हाताला लागतच नाहीत."

"मी आहे तसाच आहे. तुझी मूठ सैल झालीय."

"तेच म्हणते. तेव्हाच एखादा जाडजूड माणूस बघायला हवा होता मी."

दहाच्या पुढे, खिडकीत ऊन आलं की हात हळूहळू सुटायचे. अकरा वाजता हीच बाई स्वतःची वेणी घालायची. सकाळी हिला पाहिलेल्या माणसाला ते खरं वाटलं नसतं, आणि अकराला पाहिलेल्याला सकाळ खरी वाटली नसती. विभागात आमचा नंबर लागायचा तो बाराच्या सुमारास.

विभाग तळमजल्यावर. एक लांब खोली, भिंतीला शिडीसारख्या लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात मेण वितळवायचं भांडं. कोमट मेणात हात बुडवून काढला की बोटांवर पांढरा हातमोजा चढायचा, आणि थोड्या वेळाने तो सोलून काढायचा. ही म्हणायची, मरायच्या आधी निदान एकदा तरी मेमसाहेब झाले. खोलीच्या बाहेर बाक. बाकावर आमच्यासारखेच नेहमीचे लोक. शिवणवाल्या ताई, ज्यांचे दोन्ही हात हिच्यासारखेच होते. खांदा धरलेले मास्तर, ज्यांना आयुष्यभर फळ्यावर लिहून आता डोक्याला तेलसुद्धा लावता येत नव्हतं. मला तसा काही आजार नव्हता, पण मीही त्या बाकावरचाच झालो होतो.

आणि मॅडम. विभागात व्यायाम घ्यायच्या त्या. आम्हाला मुलगी असती तर साधारण त्याच वयाची असती. हसऱ्या, चपळ, आणि पेशंटच्या हाताला हात लावायच्या आधी स्वतःचे हात चोळून गरम करणाऱ्या. महिन्यातून एकदा त्या मोजमाप घ्यायच्या. बोट किती वळतं ते प्लास्टिकच्या पट्टीने, आणि मुठीत जोर किती ते एका यंत्राने. यंत्राचा दांडा दाबला की काटा फिरायचा. काटा पुढे गेला की मॅडम पेशंटपेक्षा जास्त खूश व्हायच्या.

एका महिन्यात काटा कोणाचाच हलला नाही. तेव्हा विभागाचे मोठे साहेब मॅडमना व्हरांड्यात उभं करून बोलले. आवाज मोठा नव्हता, पण बाकावर सगळं ऐकू आलं. तुमच्या पेशंटमध्ये सुधारणा दिसत नाही. वर काय दाखवायचं आम्ही? तुम्ही नक्की करता काय दिवसभर? मॅडम खाली बघत होत्या. नंतर आत येऊन त्यांनी हिचा हात हातात घेतला तेव्हा स्वतःचे हात चोळायला विसरल्या.

घरी येताना ही बसमधून उतरल्यावर म्हणाली, "पोरीला उगाच बोलणी बसतात."

पुढच्या मोजमापाच्या दिवशी हिने थर्मासमध्ये कडक गरम पाणी भरून घेतलं. सोबत एक टॉवेल. दुपारची दुखण्याची गोळी सकाळच्या गोळीबरोबरच घेऊन टाकली. बाकावर बसून टॉवेल गरम पाण्यात पिळायचा, म्हणजे मी पिळायचा, आणि हिच्या हातांना गुंडाळायचा. नाव पुकारलं की टॉवेल माझ्याकडे आणि ही आत. त्या दिवशी काटा असा फिरला की मॅडमनी बाहेर येऊन मला सांगितलं.

मी हिला म्हणालो, "तू तर पासिंगला निघाल्यासारखी निघालीस."

हिने विचारलं म्हणजे काय, तर मी सांगितलं. आमच्या मालकाकडे गाड्या पुष्कळ आणि चांगल्या टायरांचा संच एकच. आरटीओत पासिंगच्या दिवशी तो संच या बसला लावायचा, बस तपासून घ्यायची, की काढून पुढच्या बसला. सगळ्या बस पास व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा त्याच गुळगुळीत टायरांवर शाळेत.

ही खूप हसली. बाकावर सांगितलं, बाक हसला. आणि तो शब्द बाकावर राहिला. मोजमाप असलं की मास्तर विचारायचे, "काय, आज पासिंग का?" थर्मास हाताहातात फिरायला लागला. शिवणवाल्या ताई बोटं शेकायच्या, मास्तर खांद्याला टॉवेल टाकून बसायचे. कोणाला त्यात खोटेपणा वाटला नाही. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसं होतं ते. मॅडम विचारायच्या, "सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?" ही सांगायची, "थोडा वेळ. मग काही नाही." तीही पाहुण्यांशी बोलायची रीत.

मग एके दिवशी मॅडमनी सांगितलं, तुमचं उद्दिष्ट पूर्ण झालं. आता विभागात यायची गरज नाही. केस बंद. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवता आल्या तेवढ्या. हिला लाजल्यासारखं झालं. थर्मास शिवणवाल्या ताईंना देऊन टाकला. "मला आता कशाला? तुम्ही पास व्हा."

घरी येऊन हिला कुलूप उघडता आलं नाही. संध्याकाळ झाली होती, पाण्याची ऊब कधीच उतरली होती. मी उघडलं.

केस चालू असली की विभागातून एकदा घरी येतात. घरात कुठे धरायला हवं, कुठे पाय घसरेल ते बघून दांड्या बसवून देतात. हिचा नंबर लागायच्या आतच केस बंद झाली होती. म्हणून मी दुकानातून दांडी आणली आणि न्हाणीघरात स्वतः बसवली. चकचकीत स्टीलची, दुकानदाराने सगळ्यात मजबूत म्हणून दिलेली. मी लोंबकळून पाहिलं, हलली नाही.

थंडी पडली तशी सकाळ लांबत गेली. विभागातलं मेण नाही, व्यायाम मागे लागून करून घेणारं कोणी नाही. चार बोटं पुरेनात, ही माझं मनगट धरायला लागली. एका सकाळी न्हाणीघरात पडली. कंबरेजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पडून राहावं लागलं, छातीत कफ साचला, आणि गेली. केस बंद झाली म्हणून ती गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी न्युमोनिया लिहिलाय, तो होताच.

तपासणीच्या दिवशी मी विभागात गेलो तेव्हा बाक गच्च भरलेला होता. भिंतींना नवा रंग, व्हरांड्यात कुंड्या. मास्तर सरकले आणि मला जागा करून दिली. हिच्याबद्दल दोन शब्द बोलले. पलीकडे शिवणवाल्या ताई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर हिचा थर्मास होता.

"भावजी, आलात बरं झालं," त्या म्हणाल्या. "चांगलं सांगा हं आत. चष्म्याला दोरी लावलेली एक बाई आलीय वरून. एकेकाला बोलावून विचारते, आणि काही जणांची मोजमापं स्वतः घेणार आहे. माझं नाव आहे त्यात."

त्यांनी टॉवेल थर्मासच्या झाकणात बुडवला. पिळायला माझ्याकडे दिला, सवयीने. मी पिळला आणि हातात धरून बसलो.

"ताई, तुमच्या घरी ते येऊन गेले? दांडी बसवायला?"

"पुढच्या महिन्यात येणार. द्या की टॉवेल, गार होतोय."

"आज तुमचा काटा पुढे गेला तर केस बंद करतील."

"करू देत."

"मग दांडी?"

"जाऊ दे दांडी. नळाला धरते मी."

त्या एकट्या राहायच्या, वरच्या मजल्यावर. एकदा पडलेल्याही होत्या, तोंडावर. पुढचा दात तेव्हापासून अर्धा. मी नुसतं तिकडे बघितलं आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

"भावजी, मॅडमचं बघा जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साहेब म्हणालेत, यावेळी वरून शेरा वाईट आला तर यांना काढून दुसरी आणू. मास्तरांनी ऐकलंय. आणि अजून एक सांगू? तुमच्या ह्यांच्या वेळी टाळ्या वाजल्या होत्या. शिवणाचं मशीन बंद केल्यापासून माझ्यासाठी कोणी टाळी वाजवलेली नाही. एकदा वाजू देत."

मास्तर म्हणाले, "तुम्ही आत जाऊन उत्तम, उत्तम, उत्तम म्हणा आणि बाहेर या. पेपर सोपा आहे."

मी टॉवेल दिला. मी तेच ठरवून आलो होतो, की चांगलं बोलायचं. मॅडम चांगल्याच होत्या, त्यात खोटं काही नव्हतं.

माझा नंबर यायला वेळ होता म्हणून मी संडासात गेलो. तोही नवा केलेला होता, तपासणीसाठीच असणार. भिंतीवर धरायला दांडी होती. जाड, माझ्या मनगटाएवढी, वरून खरखरीत रबर चढवलेलं. खाली पाटी होती की ज्यांची मूठ पूर्ण मिटत नाही त्यांच्यासाठी.

मी ती धरली. माझी मूठ मिटते, तरी माझी बोटं तिच्याभोवती पुरी पोचली नाहीत. पण हात घसरला नाही. ओला हात लावून पाहिला, तरी नाही. आमच्या न्हाणीघरातली दांडी अंगठ्याएवढी बारीक आहे. बाहेर कोणीतरी दार ठोठावलं, तेव्हा मी ती सोडली.

आत टेबलामागे त्या बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, चष्मा खरंच दोरीने गळ्यात. एक पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघा दुखत असावा. मॅडम शेजारी उभ्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा पडला आणि त्या पुढे आल्या. "काका, मला परवा कळलं. मला वाटत होतं त्या घरी मजेत असतील. मी कितीतरी जणांना त्यांचं उदाहरण देते." त्यांचे डोळे भरले. बाईंनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "वेळ आहे ना तुम्हाला?"

"भरपूर."

त्यांनी विचारायला सुरुवात केली. विभागात वागणूक कशी होती? चांगली. व्यायाम समजावून सांगायचे का? हो. ताटकळत बसावं लागायचं का? बसायचो, पण बाकावर गप्पा व्हायच्या. बाई थोडं हसल्या आणि कागद उलटला.

"तुमच्या मिसेसची मुठीची ताकद इथे दुपटीने वाढलेली दिसते. एवढी सुधारणा मी कुठेच पाहिलेली नाही. घरी फरक जाणवायचा?"

मास्तरांनी सांगितलेलं उत्तर तोंडात तयार होतं. उत्तम.

मी म्हणालो, "बाई, मी शाळेची बस चालवायचो."

आणि मी त्यांना पासिंग काय असतं ते सांगितलं. मग थर्मासचं सांगितलं. गोळीचं सांगितलं. सकाळच्या चार बोटांचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे तुमच्या मिसेस एकट्याच करायच्या, की सगळे?"

मी दाराकडे पाहिलं, बाक त्याच्या पलीकडे होता.

"मॅडमना माहीत आहे?"

"नाही. त्यांच्यासाठीच करतात. त्यांना कसं माहीत असेल?"

बाईंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. "तुम्हाला कळतंय ना, हे मला लिहावं लागेल? या विभागाचे आकडे खरे नाहीत असं."

"हात खरे आहेत," मी म्हणालो. "हातांना गरज आहे म्हणून लिहा. मोजायचं तर उद्या सकाळी मोजा. सातला. गोळीच्या आधी. बाहेर एक ताई बसल्यात, आज त्यांना पास करू नका. एवढ्यासाठीच बोललो. माझं इथे काही राहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विभाग उघडला. पेशंटना आणायला गाडी पाठवली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. बाकावर मला जागा कोणी दिली नाही, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. थर्मास कुठे दिसत नव्हता.

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर फोडलात तुम्ही."

"मास्तर, हात वर करा बरं," मी म्हणालो.

त्यांनी केला नाही. त्यांना करताच येत नव्हता.

दार उघडंच होतं. शिवणवाल्या ताई आत खुर्चीवर बसल्या. मॅडमनी यंत्राचा दांडा त्यांच्या हातात दिला. ताईंनी दाबला. काटा हलला नाही. त्यांनी ओठ दाबून, खांदा उचलून, सगळं अंग लावून दाबला. दांडा हातातून सुटून मांडीवर पडला. मॅडमनी तो उचलला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा." पुन्हा पडला. तेव्हा मॅडम खाली बसल्या, जमिनीवर, ताईंच्या गुडघ्यांसमोर, आणि त्यांचा तो वाकडा, गार हात दोन्ही हातांत घेतला. वर्षभर ज्या हाताला त्या व्यायाम देत होत्या, तो त्यांनी असा पहिल्यांदाच पाहिला असावा.

"ताई, रोज सकाळी असा असतो?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत जे होतं ते मी लिहीत नाही.

मग मॅडम उठून व्हरांड्यात आल्या, माझ्यासमोर. मोठे साहेब आत फोनवर कोणाला तरी काहीतरी समजावत होते. मॅडमनी विचारलं, "काका, तुमच्या ह्यांचंही तसंच होतं?"

त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. त्यांची एक तरी केस बरी झालेली राहिली असती, आणि हिच्या वाट्याला आलेल्या टाळ्याही.

"हो," मी म्हणालो.

विभागाला शेरा वाईट आला. साहेबांची बदली झाली. मॅडमना काढलं नाही, पण पगारवाढ आणि बढती थांबली असं ऐकलं. आता मोजमापं सकाळी घेतात आणि पेशंटला कसं वाटतं तेही दुपारी न विचारता सकाळीच विचारतात. बाक पूर्वीसारखा हसत नाही, असंही ऐकलं. शिवणवाल्या ताईंची केस चालू राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. एके दिवशी माझ्या दारात थर्मास ठेवलेला मिळाला, आतून कोरडा केलेला. बेल वाजवली नव्हती.

ताईंकडे दांडी बसवायची होती त्या दिवशी मॅडमनी मला फोन केला. मिस्त्री येतोय, पण त्याला दांडी धरायला एक माणूस हवा, येता का? मला वाटतं, मिस्त्रीला माणूस नको होता. मी गेलो. ताईंनी दार उघडलं, मला आत घेतलं, पण बोलल्या नाहीत. खोलीत कपडा टाकून झाकलेलं शिलाई मशीन, त्यावर औषधं. न्हाणीघर अगदी लहान. मॅडमनी ताईंना उभं करून हात कुठवर जातो ते पाहिलं, भिंतीवर खूण केली. मिस्त्रीने भोकं पाडली, मी दांडी धरली. तीच, जाड, रबर चढवलेली. बसवून झाल्यावर ताईंनी हात लावला. मग धरली. मग दुसरा हात सोडून नुसत्या तिच्यावर भार देऊन उभ्या राहिल्या, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. बराच वेळ वळवलेलंच ठेवलं. आम्ही बाहेर आलो.

जिन्यात मॅडम थांबल्या. मिस्त्री पुढे उतरून गेला होता.

"काका, एक विचारू? मी त्यांच्या कागदावर शेवटचा आकडा लिहिलाय तो खोटा आहे, हे आता मला माहीत आहे. पण खरा किती होता ते कुठेच नाही."

"ते मलाही माहीत नाही. यंत्र आमच्याकडे नव्हतं."

"सकाळी तुमची बोटं धरून उठायच्या, असं सांगितलंत ना त्या बाईंना?"

"हो."

"दाखवता?"

मी एक पायरी खाली उभा होतो. मी हात पुढे केला, चारही बोटं एकत्र, पलंगाच्या कडेला करायचो तसा. मॅडमनी स्वतःचे हात एकमेकांवर चोळायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. गारच हाताने त्यांनी माझी बोटं धरली.

"इतकी?"

"नाही. सैल."

त्यांनी मूठ थोडी उघडली.

"अजून सैल," मी म्हणालो.

त्यांची बोटं माझ्या बोटांना आता फक्त टेकलेली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या.

"अशी?"

"हो," मी म्हणालो. "अशी. मग आता ऊठ म्हणायचो मी."